सतरा नंबरचं पाकीट

रक्तात जंतू पसरलेत का, हे खाटेशेजारीच दहा मिनिटांत सांगणारं मशीन आम्ही बनवलं. वॉर्डात त्याची चाचणी सुरू झाली. लॅबचा रिपोर्ट यायला तीन दिवस लागतात. तोवर मशीनचं उत्तर पाकिटात बंद ठेवायचं, वर नाव नाही, नुसता नंबर, आणि डॉक्टरांनाही दाखवायचं नाही, हा नियम माझाच.

बाबांना सणकून ताप भरला, म्हणून त्याच वॉर्डात आणलं. सतरा नंबरचं पाकीट चिकटवता चिकटवता सिस्टर थांबल्या. "सर, तुमचेच वडील आहेत. बघू का?"

"नियम सगळ्यांना सारखा, सिस्टर."

बाबा दुसऱ्या दिवशी गेले.

 

आठवड्यानं मीटिंगमध्ये पाकिटं उघडली. सतरा नंबरचं उत्तर, 'जंतू आहेत', लॅबच्या रिपोर्टशी तंतोतंत जुळलं, तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.