शेवटचा चमचा

"तिला तिथं दाराजवळच बसू दे," कारखान्यात लेथवर काम करणारा टर्नर आपल्या मुलीला म्हणाला.

मुलीनं ऐकलं नाही. आत्याआजीला दंडाला धरून डॉक्टरबाईंच्या टेबलापर्यंत आणलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं. टर्नरनं स्वतःची खुर्ची वीतभर लांब सरकवली. दीड महिन्यापूर्वी त्याच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली, तेव्हाही त्यानं नर्सला बजावलं होतं, माझी आत्या आली तर आत सोडू नका.

घरात तिला 'शेवटचा चमचा' म्हणत. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतपत. जो कुणी अंथरुणाला खिळला त्याचं सगळं तिनं केलं, आणि तो तिच्या हातचं चमचाभर पाणी पिऊन गेला. बाकीच्यांना घाण काढायची नव्हती म्हणून ते काम तिच्या गळ्यात पडलं, हे मात्र कुणी कधी बोललं नाही.

डॉक्टरबाईंनी कोरा कागद पुढे ओढला. "तुमची गाठ तपासली, मग रक्त तपासलं. हा आजार वरून चालत आलाय. आईकडून की वडिलांकडून, ते बघू. मग मुलीचं रक्त घेऊ."

"तिचं कशाला? घोड्यासारखी आहे ती."

"घोड्यांचंही तपासतात, बाबा," मुलगी म्हणाली.

"तिला काहीही झालेलं नाही. उगाच नसतं काही शोधून काढू नका."

डॉक्टरबाईंनी वाद घातला नाही. "वडील कशानं गेले तुमचे?"

"अशक्तपणा. दाखल्यावर तेच आहे."

"अशक्तपणा," आत्या म्हणाली. "चव्वेचाळिसाव्या वर्षी. सहा महिने खालून रक्त जात होतं त्याला. फडकी मी धुतली ना."

डॉक्टरबाईंनी मान वर केली. त्यानंतर टर्नरला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

कागदावर घराण्याचा तक्ता उतरू लागला: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी त्याला काळं. आत्या सांगत गेली, डॉक्टरबाई काढत गेल्या. तारखा तिच्याकडे नव्हत्या. कुणाचं पोट कधी फुगलं, कुणाला कुठून रक्त गेलं, दिवसाला किती चादरी बदलल्या, हे होतं. तिचा मधला भाऊ, बेचाळीस. आई, एकोणचाळीस. थोरली बहीण सत्तेचाळिसाव्या वर्षी गर्भपिशवीच्या आजारानं गेली. घरानं लाजेपोटी बाहेर पोटदुखी सांगितली.

"ती पण यातच धरायची?" आत्यानं विचारलं.

"यातच. या आजारात बायकांना तिथंही होतो."

धाकट्या भावाच्या चौकोनावर पेन टेकलं तशी तिनं हात आडवा घातला. "त्याला काळं नाही करायचं. तो खोकून गेला. सिगारेटी." मग म्हणाली, "आणि आईची आई. मी नऊ वर्षांची होते. चमचा पहिल्यांदा तेव्हा दिला माझ्या हातात."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, आठ वर्षं मी हे तक्ते काढतेय. पाच पिढ्यांचा असा चोख तक्ता मला आजवर कुणी दिला नाही. दवाखान्यांच्या कागदांत यातलं काही सापडलं नसतं."

टर्नर कागदावर वाकला. तीस वर्षं लेथवर केसाएवढा फरक पकडणारे डोळे त्याचे. वरच्या काळ्या गोलापासून रेघ निघाली होती, ती पिढी ओलांडत त्याच्या स्वतःच्या काळ्या चौकोनात आली होती. त्याच्याखाली मुलीचा गोल, अजून न रंगवलेला. आणि वर, भावंडांच्या रांगेत, काळ्यांच्या मध्ये आत्याचा गोल. स्वच्छ पांढरा.

"म्हणजे हिच्या हातानं..." तो म्हणाला आणि अडला.

"हाताचा काय संबंध? जन्माआधीच येतं हे, रक्तातून. मुलांत यायची शक्यता निम्मी. आजींमध्ये बहुधा आलंच नाही. म्हणून तर त्या बाकीच्यांचं करायला उरल्या."



"मुलीत आलं असेल तर दर वर्षा-दोन वर्षांनी दुर्बिणीनं आतडं बघायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कॅन्सर व्हायच्या आधीच आत उगवलेला कोंब खुडता येतो. या कागदावरच्या एकालाही ते मिळालं नाही."

टर्नर बराच वेळ त्या पांढऱ्या गोलाकडे बघत राहिला. देवळातही तो इतका वेळ कधी उभा राहिला नव्हता.

"घ्या रक्त तिचं," तो म्हणाला.

शेजारच्या खोलीत सुई हातात जाईपर्यंत मुलगी बडबडत होती. नळीत गडद लाल रक्त चढायला लागलं, तशी ती पांढरीफटक पडली.

"झालं. पाणी द्या हिला," रक्त घेणारा म्हणाला.

आत्या भिंतीला टेकून, हात मागं बांधून उभी होती. अशा वेळी तिनं लांब राहायचं असतं, हे तिला पाठ होतं. बाटली टर्नरजवळ होती. त्यानं झाकण काढलं आणि ती आत्याच्या पुढ्यात धरली.

"मी?"

"तूच."

आत्यानं मागचे हात पुढे घेतले. तिनं बाटली मुलीच्या ओठांना लावली. मुलगी घटाघटा प्यायली, थांबली, मनगटानं हनुवटी पुसली.

"अजून दे," ती म्हणाली.