बारावा प्रश्न

“पायांना सूज?”

“नाही.”

“लघवीला जळजळ?”

“आता नाही.”

सिस्टरने दोन खुणा केल्या. पेन आणखी एक ओळ खाली सरकवलं, तिथेही ‘त्रास नाही’पुढे खूण केली आणि फॉर्म पालथा घातला. ती शेवटची खूण कशाची, हे तिने काकूंना सांगितलं नाही. काकूंनी मात्र ते वाचलं होतं.

टेबलापलीकडून, उलटं. छापखान्यात बत्तीस वर्षं काढलेल्या बाईला, त्यातली निम्मी शिशाच्या उलट्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात, उलटी अक्षरं सुलटीच दिसतात. ‘१२. पतिपत्नींचे शारीरिक संबंध : वेदना / कोरडेपणा / भीती / त्रास नाही.’ चौदा महिन्यांतली ही पाचवी तपासणी. पाचही वेळा सिस्टरने अकरा प्रश्न विचारले होते आणि बारा उत्तरं लिहिली होती.

काकूंना तिचा राग येत नव्हता. लेकीच्या वयाची पोर. एकसष्ट वर्षांच्या बाईला असलं काही विचारायचं म्हणजे तिचीच जीभ अडखळत असणार. शिवाय तक्रार तरी कशी करायची? गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, पंचवीस वेळा रेडिएशन, आणि एवढ्यातून त्या चालत्याबोलत्या घरी आल्या होत्या. या माणसांनी त्यांना दुसरा जन्म दिला होता. त्यांच्याकडे आणखी काही मागणं म्हणजे पोटभर जेवून उठताना मीठ कमी होतं म्हणण्यासारखं.

आणि घरी हे होते. हे, म्हणजे आत्ता बाहेर बाकावर फाईल मांडीवर घेऊन बसलेले काका. जन्मभर कारखान्यात बॉयलर सांभाळला. सांगितलं तेवढंच, सांगितलं तसंच करायचं, ही सवय हाडीमाशी खिळलेली. डॉक्टर पाणी उकळून द्या म्हणाले, तर घड्याळ लावून वीस मिनिटं. जिने चढू देऊ नका म्हणाले, तर काकूंना तीन महिने गच्ची दिसली नाही. आजारपणात उलटीचं भांडं यांनी धरलं, वेणीसुद्धा यांनीच घातली, तीही वाकडी. कपाळावर कधी आठी नाही. फक्त घरी आल्या त्या दिवशीच यांनी आपली उशी उचलली आणि बाहेरच्या खोलीत नेली. “पाठ धरलीय,” म्हणाले. चौदा महिने झाले तरी पाठ काही सुटली नव्हती, आणि त्याच पाठीवरून ते गव्हाचं पोतं तिसऱ्या मजल्यावर चढवत होते.

एकदा काकूंनी धीर करून त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला. “तू आराम कर,” म्हणाले. त्या दिवशी काकूंनी मनाशी ठरवून टाकलं, यांना आपली किळस येते. माणूस भला म्हणून बोलत नाही, एवढंच. आणि तसं नसतं तरी काय? आत सगळं कोरडं, आक्रसलेलं. साध्या तपासणीलासुद्धा कळ मस्तकात जायची.

सिस्टर फॉर्म फाईलला लावू लागली.

“सिस्टर, बारावा राहिला,” काकू म्हणाल्या. “उत्तर तुम्ही लिहिलंत, पण ते माझं नाही.”

सिस्टर कानापर्यंत लाल झाली. उठली, दार लोटून आली आणि खुर्ची काकूंच्या शेजारी ओढून बसली.

“मला वाटायचं, तुम्हाला संकोच वाटेल.”

“वाटतोच की. पण त्याहून दुखतं जास्त.”

मग तिने विचारलं आणि काकूंनी सांगितलं. अडखळत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, पण सगळं. सिस्टरने खणातून जेलची ट्यूब काढली. आत आक्रसलेली जागा हळूहळू सैल करायच्या गुळगुळीत नळ्यांचा एक संच काढला, सगळ्यात लहान नळी करंगळीएवढी. कुठली कधी, किती वेळ, कशी वापरायची ते समजावलं. डॉक्टरांकडून एक मलमही लिहून आणलं. “बऱ्याच जणींना होतं हे, काकू. हळूहळू बरं वाटतं. चुकलं माझं, आधीच विचारायला हवं होतं.”

काकूंना रडू आलं. चौदा महिने ज्याला त्या नशीब म्हणत होत्या, त्याला औषध होतं, तेही हाताच्या अंतरावर. त्यांनी सिस्टरचे दोन्ही हात धरले. “पोरी, भलं होवो तुझं,” एवढंच त्यांना बोलता आलं.

“काकांनाही आत बोलावते.”

“त्यांना नको गं. त्यांच्या मनातून मी केव्हाच उतरलेय.”

सिस्टरने ऐकलं नाही. काका आत आले आणि फाईल छातीशी धरून साहेबापुढे उभं राहावं तसे उभे राहिले. काकू फरशीकडे बघत राहिल्या.

“काका, जवळ आल्यामुळे हा आजार तुम्हाला लागत नाही, आणि काकूंचा उलटतही नाही,” सिस्टर म्हणाली. “जेल वापरा, घाई करू नका, काकू थांबा म्हणाल्या की थांबा. बाकी आता काही हरकत नाही.”

काका मटकन खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काकूंनी ओळखलं. आता हे काहीतरी सभ्यसं बोलणार आणि विषय कायमचा मिटणार.

“घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘मी सांगेपर्यंत जवळ जायचं नाही,’” काका म्हणाले. “पाच खेपा झाल्या, दाराशी बसून वाट बघतोय. फार उपकार झाले, सिस्टर, आज तुम्ही सांगितलंत.”