गाऱ्हाण्याचा नारळ

क्रिप्टो परिषदेच्या पाहुण्यांचा ओळख-मेळावा आचऱ्याला आमच्या अंगणात भरला. यजमान मीच. पाहुण्यांचं नवं डिजिटल नाणं घ्यायला मी गावकऱ्यांनाही बोलावलं होतं. आई तर काजूबाग विकून आलेले पैसे लावायला फोन हातात घेऊन बसली होती. पाहुण्यांची गुळगुळीत कार्डं मी दोनदा उलटून पाहिली. पत्ता नव्हता. तेवढ्यात पाहुण्यांचं नाव-गाव घेऊन देवाला गाऱ्हाणं घालायला गावातल्या जाणत्या दत्तारामकाकांनी नारळ उचलला आणि मुख्य पाहुण्याला विचारलं, “नाव सांग रे झिला. गाव खंयचो?” “नील. गाव असं नाही, काका. आमचं ऑफिसही कुठे नसतं, सगळं इंटरनेटवर.” “मगे उद्या काय झाला तर देवान तुका खंय शोधूचा?” पाहुणे हसले. काकांनी गाऱ्हाणं न घालताच नारळ माझ्या हातात दिला. मी आईकडे पाहिलं. तिने फोन पिशवीत टाकला आणि नारळासाठी हात पुढे केला. “हाड गो तो नारळ. सोलकढीक लागतलो.”