चमच्यांचा खण

स्वीडनमधल्या सुंड्सवाल गावातल्या फर्निचरच्या दुकानात इल्वा तासभर स्वयंपाकघरं पारखत होती, स्वस्तातली, खोक्यातून आणून घरी जोडायची. तिने फळ्यांवर टकटक केलं, बिजागऱ्या हलवून पाहिल्या, पाण्याने कडा फुगतात का ते विक्रेत्याला खोदून खोदून विचारलं. तिची आई गुनवोर मात्र एकच खण उघडत होती आणि ढकलत होती.

"कितीही जोरात ढकल, आवाज होणार नाही," इल्वा म्हणाली. "पंचवीस वर्षांची हमी आहे. नाहीतर आपल्या घरातलं, बाबांनी जोडलेलं ते! तीन स्क्रू उरले, तर म्हणे कारखान्यानेच जास्तीचे दिलेत."

गुनवोर हसली. "पण टिकलं की. तुझे बाबा जाऊनही तीन वर्षं झाली."

"कसलं टिकलंय? चमच्यांचा खण आपटल्याशिवाय लागत नाही. मला येऊन आठवडा झाला, रोज सकाळी सहाला कॉफीसाठी उठतेस आणि धाडकन आपटतेस. माझ्या झोपेचं खोबरं!"

"मी सातला उठते गं."

इल्वाच्या हातातलं माहितीपत्रक तसंच राहिलं. गुनवोरने समोरचा खण पुन्हा ढकलला. तो चुपचाप बंद झाला.

"म्हणून हा नको," ती म्हणाली. "आवाजच आला नाही, तर तुझे बाबा येऊन गेले हे मला कळायचं कसं?"