एक जूनचे पाच जण

केक एक होता आणि वाढदिवसवाले पाच. विश्रांतवाडीच्या त्या सोसायटीत एक जूनला दर वर्षी असंच व्हायचं. आकड्याची मेणबत्ती कुणाच्या वयाची लावायची यावरून मागच्या खेपेला रुसवेफुगवे झाले होते, म्हणून यंदा सेक्रेटरींनी साधी पांढरी मेणबत्ती आणली होती. लाइट गेल्यावर लावतात ती.

सुरी मच्छिंद्ररावांच्या हातात दिली गेली, कारण त्यांना पंच्याहत्तर पूर्ण होत होती. तेवढ्यात त्यांच्या नातीनं, शेफालीनं, विचारलं, "आजोबा, तुम्ही पाचही जण एकाच दिवशी कसे काय जन्मलात?"

"अगं, आमच्या वेळी जन्मतारखा लिहून कोण ठेवतंय?" शेजारचे रावसाहेब म्हणाले. "शाळेत नाव घालताना गुरुजीच टाकायचे. शाळा जूनमध्ये सुरू, म्हणून सगळी पोरं एक जूनची."

"म्हणजे ही तारीख खोटी?"

"खोटी कशी? सरकारनं आम्हाला रिटायर केलं तिच्यावर!"

सगळे हसले. शेफाली हसली नाही. "मग आजोबांचा खरा वाढदिवस कधी असतो?"

तारखेची ही गोष्ट मच्छिंद्ररावांना ठाऊक नव्हती असं नाही. चार लोकांत त्यांनी ती विनोद म्हणून सांगितलीही होती. पण खरा दिवस कुठला, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी स्वतःसुद्धा नाही. हातात सुरी घेऊन उभं राहायची त्यांना एकदम लाज वाटली. हा केक आपला नव्हेच, असं वाटायला लागलं.

सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं. थोरली बहीण तुळजाबाई. मच्छिंद्ररावांच्या मुलानं सकाळीच त्यांना लोणी काळभोरहून गाडीत घालून आणलं होतं. त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून फुग्यांकडे बघत होत्या.

"आक्का, मी कधी जन्मलो गं?"

"तू व्हय? ज्वारी हुरड्यात आलती. थंडी म्हंजे मरणाची. आईच्या बाजंखाली शेगडी म्याच ठिवली."

"कुठल्या साली?"

"तांबडी गाय याली त्या साली." तुळजाबाई थांबल्या. "न्हाई. ती मागनं याली."

"बरं, पण शाळेत घातलं तेव्हा मला सहा पुरी होती ना?"

"कुटली सहा! उजवा हात डोक्यावरनं डाव्या कानाला लागला, तरच गुर्जी नाव लिवायचे. तुजा कुटं लागत हुता? गुर्जींचं ध्यान न्हाई बघून म्या तुजी मान वाकवली. मग लागला."

रावसाहेबांनी टाळी वाजवली. मच्छिंद्रराव मात्र पुरते गोंधळून गेले. दिवस आपला नाही, आणि आता वर्षही नाही.

"पण आक्का, एवढी घाई कशाला केलीस?"

"तू गेल्याबिगर मला साळा कोन दावनार?" तुळजाबाई म्हणाल्या. "तुला पोचवायच्या निमतानं रोज दारापत्तोर तरी जायला मिळालं. त्या दिवशी म्या बी हात लावून दावला हुता, माजा बी लागतोय म्हनून. गुर्जी हसले. आबा म्हनले, चल, खुरपायला जायचंय."

मेणबत्ती केकवर ठिबकत होती.

"मग आक्काआजी, तुमचा वाढदिवस कधी?" शेफालीनं विचारलं.

"मला कुटं कुनी लिवलं?" चहात साखर नको म्हणावं इतक्या सहज त्या म्हणाल्या. "कारडावर हाय कायतरी. त्यो कारडवाला म्हनला, आजी, अंदाजे टाकतो."

"आणि तो हात कसा लावायचा?"

तुळजाबाईंनी उजवा हात उचलला. खांदा आखडलेला होता. हात कसाबसा डोक्यावर गेला, पदर घसरला, आणि बोटं भांगाच्या जरा पलीकडे जाऊन अडली. त्यांनी आणखी एकदा रेटून पाहिलं.

"आता न्हाई पोचत," त्या म्हणाल्या.

मच्छिंद्ररावांनी सुरी टेबलावर ठेवली. ते खुर्चीमागे गेले आणि दोन्ही हातांत बहिणीचं डोकं धरून त्यांनी ते हलकेच उजवीकडे वाकवलं. बोटं कानाला टेकली.

"लागला गं, आक्का."

तुळजाबाई तशाच वाकड्या मानेनं समोर बघत राहिल्या.

"मग लिव की," त्या म्हणाल्या.