धरून ठेवलेला सूर

चपला दाराबाहेर काढून सुशीलाबाई सुधीरच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत आल्या.

"राहू द्या मामी, इथं चप्पल चालते," सुधीर म्हणाला. सासूला तो पहिल्यापासून मामीच म्हणत आला होता.

"नक्को. लेक हाय म्हणता ना इथं," त्या म्हणाल्या आणि अनवाणीच खुर्चीच्या कडेला टेकल्या.

सकाळीच गौलीगुड्याच्या घरी त्याच्या बायकोचं, त्रिवेणीचं वर्षश्राद्ध झालं होतं. पानं उठल्यावर चार माणसांत सुधीर बोलून गेला, "त्रिवेणीचा आवाज जपून ठेवलाय मी. कॉम्प्युटरमध्ये." बोलताना त्याला थोडा अभिमानही वाटला होता. सुशीलाबाईंनी हातातलं भांडं तिथंच ठेवलं आणि ट्रंकेतलं घडीचं लुगडं काढलं. लेकीला भेटायला जायचं तर रोजच्या लुगड्यावर कसं जायचं? मग जावयाबरोबर ऑटोत बसून त्या थेट नारायणगुड्याला, या स्टुडिओत आल्या.

"एकडाव तिला 'आई' म्हणताना ऐकवा," त्या म्हणाल्या. "बाकी कायबी नक्को मला."

सुधीरनं उगीचच कीबोर्डवरची धूळ पुसली.

त्याच्याजवळ त्रिवेणीचं बोलणं नव्हतंच. होते ते नुसते सूर. परदेशी सॉफ्टवेअरं इथल्या बाजारात मिळायला लागली आणि दुबईहून येणाऱ्यांच्या मिनतवाऱ्या संपल्या, तेव्हा त्यानं मोठ्या हौसेनं सॅम्पलर घेतला होता. माणसाकडून एकेक सूर गाऊन घ्यायचा, कीबोर्डच्या एकेका पट्टीवर बसवायचा, की पुढं माणूस नसला तरी अडत नाही. पट्टी दाबली की आवाज हजर. जाहिरातींच्या कोरसला रोज बायका कुठून आणायच्या? त्रिवेणी तर घरचीच होती. ती याच खुर्चीवर बसून एकेक 'आ' गायली. मधे मधे हसली. "झालं का हो? मला कुकर लावायचाय," असंही दोनतीनदा म्हणाली. तिला दमा होता. सूर लावण्याआधी ती श्वास घ्यायची तेव्हा छातीत बारीक शिट्टी वाजायची.

सुधीर कामात भलताच चोख. त्यानं बोलणं कापलं, हसणं कापलं, आणि श्वास तर कानाला हेडफोन लावून एकेक वेचून काढून टाकले. हार्ड डिस्कवर जागा पुरेना म्हणून मूळ रेकॉर्डिंगही पुसून टाकलं. साबणाच्या नाहीतर मोबाईलच्या जाहिरातीत त्रिवेणीचे ते धुतल्यासारखे सूर वाजायचे, तेव्हा दोघं टीव्हीपुढं बसून हसायची. आवाज आता कायमचा झाला, असं तो तिला म्हणायचा. तिचं बोलणं दुसरीकडंही कुठं नव्हतं; लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती, पण तीत व्हिडिओवाल्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई भरून ठेवली होती.

"मामी, बोललेलं नाही ओ काही," तो खाली बघत म्हणाला. "नुसतं गायलेलं आहे. तेही गाणं नाही, सूर."

"तर तेच लावा."

त्यानं मधली एक पट्टी दाबली. खोलीत त्रिवेणी "आऽ" म्हणाली.

सुशीलाबाईंचा पदर तोंडाशी गेला. "माझी माय गं," त्या पुटपुटल्या. "तीच हाय."

सुधीरनं दुसरी पट्टी दाबली, मग तिसरी. 'आई'मधला 'आ' होता. 'ई' त्यानं कधी गाऊन घेतलाच नव्हता. ही गोष्ट त्याला आत्ता, या क्षणी कळली आणि त्याचे डोळे भरून आले.

सुशीलाबाई उठून स्पीकरजवळ गेल्या. त्यांनी स्पीकरच्या जाळीवर तळवा ठेवला. लहानपणी त्रिवेणीला दम लागला की त्या तिच्या छातीवर असाच हात ठेवून बसायच्या आणि आतला श्वास चाचपत राहायच्या. सुधीरला वाटलं, निदान पोटभर ऐकू दे यांना. त्यानं पट्टी दाबली आणि तशीच धरून ठेवली.

सूर निघाला आणि चालू राहिला. ही सोयही सुधीरनंच केलेली होती. सूर संपत आला की सॅम्पलर गुपचूप मागं जायचा आणि तोच तुकडा परत वाजवायचा. तो सांधा कुणाला कळू नये म्हणून त्यानं किती दुपारी घालवल्या होत्या. आणि खरंच कळत नव्हता. त्रिवेणीचा आवाज एका पातळीत, कुठंही न हलता, खोलीभर वाहत होता. सुधीरच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि बोट काही केल्या पट्टीवरून उचलत नव्हतं.

सुशीलाबाईंच्या चेहऱ्यावर आधी हसू होतं. मग त्यांनी जाळीवरचा तळवा थोडा खाली सरकवला, मग बाजूला, काही तरी सापडत नसल्यासारखा. लेकीबरोबर त्यांनीही आपला श्वास रोखून धरला होता. तो त्यांना सोडावा लागला, परत घ्यावा लागला. आवाज चालूच होता.

"सुधीरराव," त्या घाबऱ्या होऊन म्हणाल्या, "श्वास कवा घेती ही?"

सुधीरनं मान हलवली.

सुशीलाबाई त्याच्याजवळ आल्या. त्यांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि हळूच पट्टीवरून उचलायला लागल्या.

"सोडा आता तिला," त्या म्हणाल्या. "दमली आसंल माझी लेक."