मोडकी कडी

किल्ल्याच्या पडक्या भिंतीखालच्या त्या इटालियन गावात आता माणसं उरली होती दोनच: एर्सिलिया आणि गल्लीपलीकडचा गाउदेंझिओ. सकाळी उठल्याबरोबर दोघांनी आपापल्या खिडकीची झडप उघडायची, असा त्यांचा करार होता. झडप उघडली की समोरच्याने समजायचं, आजचा दिवस निघाला. गाउदेंझिओच्या झडपेची कडी कधीची मोडली होती. एर्सिलिया ओरडली की तो म्हणायचा, "अगं, एवढा चढ चढून आलेला चोर आधी पाणीच मागेल!"

आज ऊन गल्लीत उतरलं तरी त्याची झडप बंदच. जाऊन बघावं म्हणून एर्सिलियाने पलंगाखालून सपाता शोधून काढल्या, आणि वर बघते तो झडप सताड उघडी.

"मेल्या, जीव घेतलास की माझा!" ती इथूनच ओरडली आणि तिने दोघांची कॉफी चढवली.

तेवढ्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेली एक पाहुणी दारात आली.

"आजी, ती समोरची खिडकी आम्हीच उघडली हं, फोटोसाठी. आतल्या आजोबांना विचारलं होतं. ते काही नाही म्हणाले नाहीत."